जांभ्याचा सडा, पाखाडी आणि नवी सायकल: २७.५ की २९ इंची चाक?

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

पूजेसाठी सायकल धुवायला अंगणात काढली. चिंधीने सीटखालची नळी पुसत होते, तेवढ्यात चिंधीचा एक धागा अडकला. रंगाचा पोपडा असेल म्हणून नखाने खरवडलं, तर नखाला फट लागली. टॉर्च धरून पाहिलं. आडवी नळी सीटच्या नळीला जिथे मिळते, तिथल्या वेल्डिंगच्या खालून केसासारखी भेग निघाली आहे आणि नळीला अर्धा वळसा घालून मागे गेली आहे. गेली दोन वर्षं मी सीटची दांडी खुणेच्या वर ओढून चालवत होते. दांडी आत पुरेशी नव्हती, सगळा भार नळीच्या तोंडावर येत राहिला.

जाकादेवीच्या सायकलवाल्या काकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बाई, ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आपल्याकडे होत नाय. कोण करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नका. उतारावर सुटली तर सावरायला वेळ मिळायचा नाय."

झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि चाकं काढून सांगाडा माळ्यावर ठेवला. अकरा वर्षं चालवली. मालगुंडच्या मागच्या सड्यावरची प्रत्येक वाट मला हिने दाखवली.

१५ ऑक्टोबर

नवी घ्यायचीच आहे, तर नीट मोजून घ्यायची. आजपासून ही वही.

मी कुठे चालवते ते आधी लिहिते, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार. घरापासून सड्यापर्यंत चढ, सव्वा किलोमीटरला साधारण ९५ मीटर उंची. वर सडा, म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ, मैलभर पसरलेला, चाळणीसारखा खळग्यांनी भरलेला. मग पाखाडीने खाली वाडीत, दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचलेल्या भिंती. रविवारी कधी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. ऐंशी टक्के सडा, पण भीती वाटते ती पाखाडीची. जुन्या सायकलवर दुसऱ्या वळणाला मी नेहमी उतरून चालायचे.

शरीराची मापं: उंची १६३ सेंमी, टाच ते जांघ ७५ सेंमी, वजन ५८ किलो. बजेट ८० हजार, त्यात टायर आणि ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करता येणारी दांडी) धरून. एवढ्यात मागे सस्पेन्शन असलेली चांगली सायकल येत नाही. आली तरी खाऱ्या हवेत तिच्या सांध्यांची बेअरिंग सांभाळणं मला जमणार नाही. म्हणजे हार्डटेल. पुढे १२० ते १३० मिमी दबणारा हवेचा फोर्क, हेडअँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन, ६६ अंशांच्या आसपास. ट्रेल सायकल म्हणतात ती हीच. शर्यतीच्या सायकलीपेक्षा उताराला स्थिर, आणि डाउनहिलच्या सायकलीपेक्षा चढायला हलकी.

राहता राहिला चाकाचा प्रश्न. त्यावर ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

२० ऑक्टोबर

चाकांची नावं फसवी आहेत, हे आज नीट लक्षात आलं. खरं माप टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास. २६ इंचीला तो ५५९ मिमी, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. नावावरून २७.५ बरोबर मध्ये असावं असं वाटतं. पण २६ पासून ते २५ मिमी दूर आहे आणि २९ पासून ३८. म्हणजे २७.५ ही २६ ची मोठी बहीण आहे, २९ ची धाकटी नव्हे.

२६ कुठून आलं तेही वाचलं. अमेरिकेत १९३३ पासून श्विन कंपनी फुगीर टायरच्या सायकली काढत होती. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली पोरं त्या जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसवरून खाली सुटायची. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्याच काउंटीत रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून ते नाव. त्या सायकलींना २६ इंची चाकं होती, म्हणून पुढची तीस वर्षं जगभरच्या माउंटन बाइकना २६ च राहिली. कोणी मोजून ठरवलेलं नव्हतं. ५८४ हे फ्रेंचांचं जुनं ६५०बी नावाचं माप, आणि ६२२ तर रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीचंच रिम.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीने २९ च्या चाकांवर सुवर्ण घेतलं आणि २७.५ वरचा नीनो शुर्टर एका सेकंदाने मागे राहिला. चार वर्षांनी रिओत त्याच शुर्टरने सुवर्ण घेतलं, तेव्हा त्याच्या खाली २९ होती. आता बाजारात ट्रेलच्या नव्या सायकली बहुतेक २९ वरच येतात. २७.५ उरली ती मुख्यतः छोट्या मापाच्या सायकलींत. माझं माप छोटंच आहे, म्हणून प्रश्न सुटलेला नाही.

२७ ऑक्टोबर

भातकापणी संपत आली. सड्यावरचं गवत गुडघ्याएवढं, पिवळं पडलेलं, आणि खळगे त्याखाली झाकलेले. पट्टी आणि दोरी घेऊन पायीच गेले. देवळाच्या टेकाडापासून चिरेखाणीच्या काठापर्यंत जाऊन परत, असा २.४ किमीचा फेरा ठरवला. वाटेतले शंभर खळगे मोजले. बहुतेक हाताच्या पंजाएवढे, १५ ते २० सेंमी रुंद. मोठे, ४० सेंमीचे, फक्त सात. यांतल्या चारांत अजून पाणी आणि तळाला हिरवं शेवाळ. खळग्याची कड कापलेल्या पत्र्यासारखी नसते, जांभा झिजून गोल होतो. पण खाणीजवळ ताज्या फुटलेल्या कडा आहेत, त्यांच्यावर हात फिरवला तर कातडी निघेल.

रात्री वहीवर गणित केलं. चाक खळग्यात किती बुडतं ते त्याच्या त्रिज्येवर ठरतं. टायरसकट २९ ची त्रिज्या ३६८ मिमी धरली, २७.५ ची ३४९, माझ्या जुन्या २६ ची ३३२. खळगा २० सेंमीचा असेल, तर २९ बुडेल १३.८ मिमी, २७.५ बुडेल १४.६, आणि २६ बुडेल १५.४.

तीनदा तपासलं. दोन चाकांत फरक पाऊण मिलिमीटरचा. टायर तर त्याच्या दहापट दबतो.

पायरीचंही तसंच. १० सेंमीचा चिरा आडवा आला, तर चाक त्याला ज्या कोनात धडकतं तो २६ ला ४५.७ अंश, २७.५ ला ४४.५, २९ ला ४३.३. चाक पायरीवर ढकलून चढवायला २९ ला २७.५ पेक्षा साधारण चार टक्के कमी जोर लागेल. चार टक्के काहीच नाही असं नाही, एका फेऱ्यात असे शेकडो धक्के येतात. पण २९ वाले ज्या उत्साहाने सांगतात, तेवढा हा आकडा मोठा नाही. मग त्यांना जे जाणवतं ते कशामुळे? हे मला स्वतः चालवून बघायचं आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

मामेभाऊ रत्नागिरीहून सायकलवरच आला. त्याची २९, हार्डटेल, एम माप, १०० मिमी फोर्क. ओवाळून झाल्यावर त्याला विचारलं, आठवडाभर ठेवशील का? "ताई, ओवाळणीत सायकलच मागितलीस की," म्हणाला, आणि परत जाताना एसटीने गेला.

दुसरी सायकल शाळेतल्या सहकारी मॅडमच्या मुलाची, २७.५, एस माप, तीही १०० मिमी. दोन्हींवर २.२५ इंच रुंद टायर. दोन्हींना पुढच्या चक्राला ३२ दात आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्राला ४६. एवढ्या सारख्या सायकली मिळाल्या हे माझं भाग्य. फरक दोन: माप, आणि २९ ट्यूबलेस आहे, २७.५ मध्ये ट्यूब.

५ नोव्हेंबर

पडवीत खडूने टायरवर खूण केली, जमिनीवर खूण केली, सायकलवर बसले, आईने हँडल धरलं, चाक एक फेरा फिरेपर्यंत पुढे नेलं, पुन्हा खूण. २९: २२८ सेंमी. २७.५: २१६ सेंमी. बसल्यावर टायर दबतो, म्हणून कागदावरच्यापेक्षा दोन-तीन सेंमी कमी आलं.

याचा अर्थ चढावर समजला. सगळ्यांत हलक्या गिअरला पेडलचा एक फेरा मारला की २७.५ दीड मीटर जाते आणि २९ १५९ सेंमी. २९ चा सगळ्यांत हलका गिअरही जरा जड पडतो. खाडीकडून वर येताना शेवटच्या शंभर मीटरला मला तो नेमका जाणवला, मांड्या भरून आल्या. पुढचं चक्र ३२ ऐवजी ३० दातांचं बसवलं, तर २९ चा फेरा १४९ सेंमीवर येतो आणि हा दोष जातो. म्हणजे चढासाठी चाक बदलायची गरज नाही, हजार-दीड हजारात चक्र बदलता येतं. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

७ नोव्हेंबर

सडा. गवत कापून झालंय, भारे बांधून ठेवलेत, वाट मोकळी. प्रत्येक सायकलीवर तीन फेरे. आधी २७.५, मग २९, मग उलट क्रमाने, म्हणजे दमल्याचा परिणाम एकीवरच पडायला नको. दम खायला मध्ये दहा-दहा मिनिटं.

२७.५ ची सरासरी ९ मिनिटं १२ सेकंद. २९ ची ८ मिनिटं ५१.

आणि आकड्यापेक्षा अंगाला जे कळलं ते जास्त. २७.५ वर कातळ पायाखाली खडखडत होता, हात मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्यासारखे. २९ वर तोच कातळ बैलगाडीखालच्या जुन्या रस्त्यासारखा वाटला, लांब, संथ. एका ठिकाणी दोन खळगे लागोपाठ आहेत, तिथे २७.५ वर मी वेग कमी करत होते आणि २९ वर नकळत तसाच ठेवत होते. लोक जे सांगतात ते खोटं नाही.

पण एकवीस सेकंद फक्त चाकाचे आहेत का?

९ नोव्हेंबर

आज हवा मोजली आणि मला माझ्याच परीक्षेतली चूक सापडली. मामेभावाच्या २९ मध्ये २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मुलाच्या २७.५ मध्ये ३२. ट्यूब चिमटू नये म्हणून तो घट्ट ठेवतो, बरोबरच आहे. पण मग मी परवा चाकाचं माप तपासत नव्हते, हवा तपासत होते.

२७.५ मधली हवा २४ वर आणली आणि पुन्हा तीन फेरे. ८ मिनिटं ५८. नुसत्या हवेने चौदा सेकंद गेले. उरले सात. हाताच्या मुंग्याही जवळजवळ गेल्या.

चौथ्या फेऱ्यात खाणीच्या काठाला मागचा टायर बसला. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं, रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली की पडतात तशी. कमी हवेची किंमत ही. म्हणून नवी सायकल कोणत्याही चाकाची असो, ट्यूबलेस होणारच, हे आज पक्कं झालं. मुलाला नवी ट्यूब आणून दिली.

पुळणीवर, ओहोटीच्या ओल्या वाळूतही परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. ते रद्द. दुसऱ्याच्या सायकलीच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी घालायचा मला हक्क नाही, आणि स्वतःच्याही घालणार नाही.

१० नोव्हेंबर

पाखाडी. ६२ पायऱ्या, उंची ७ ते १४ सेंमी, पायरीची रुंदी कुठे हातभर, कुठे तीन हात. कोणी आजोबा-पणजोबांनी चिरे आणि नदीतले गोटे मिळून बसवलेली. दोन वळणं. दुसरं वळण काटकोनापेक्षा जास्त वळतं आणि गडग्यांमधलं अंतर दीड मीटर.

२७.५ वर सहा वेळा उतरले, एकदा पाय टेकला. २९ वर सहापैकी चार वेळा टेकला, आणि एकदा गडग्याला खांदा घासला. दंडावर ओरखडा आहे, जांभा लागला की तो लाल भुकटीसकट लागतो, धुतला तरी कडा लाल राहतात.

दुसरी गोष्ट लिहून ठेवते, कारण उंच पुरुषांच्या लेखांत ती कुठे सापडली नाही. उंच पायरी उतरताना मागे सरकावं लागतं, कंबर सीटच्या मागे आणि खाली न्यावी लागते. २९ चं मागचं चाक तिथे असतंच. सातव्या की आठव्या पायरीला टायर माझ्या पाठीमागे घासला, कपडा ओढला गेला, आणि एका क्षणासाठी सायकल मला पुढे ढकलते आहे असं वाटलं. २७.५ चा टायर तिथे ३८ मिमी खाली असतो. सड्यावर पाऊण मिलिमीटरचा फरक होता, इथे ३८ चा आहे. पाय लहान असणाऱ्याला चाकाचं माप इथे लागतं.

मात्र २९ एम मापाची होती, दोन चाकांच्या आसांमधलं अंतर ११७५ मिमी. २७.५ एस, १११० मिमी. वळणाचा दोष चाकाचा की सांगाड्याचा, हे अजून ठरत नाही. एस मापातली २९ चालवल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

१७ नोव्हेंबर

मामेभावाने सुचवलं, पुढे २९ आणि मागे २७.५ का नको? डाउनहिलवाले तसं करतात आणि २०१९ पासून सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतींत त्याला परवानगीही आहे. मलाही आवडलं होतं. पण तशी बनवलेली हार्डटेल माझ्या बजेटात मिळत नाही, २९ ची घेऊन मागचं चाक बदलावं लागेल. गणित केलं: मागचा आस १९ मिमी खाली येतो, त्याने सगळी सायकल मागे कलते, हेडअँगल जवळजवळ एक अंशाने सपाट होतो आणि पेडलचा मधला आस १२ मिमी खाली बसतो. सड्यावर आधीच पेडल कातळाला लागतात. बारा मिमी मी गमावू शकत नाही. विषय संपला.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. कालपासून केंद्रावर ड्यूटी. सायकल नाही.

२४ नोव्हेंबर

पहाटेच्या एसटीने कोल्हापूर. साखरप्यानंतर आंबा घाटात धुकं, मलकापूरला चहा. आधी फोन करून विचारलं होतं, एकाच दुकानात एस मापात २९ आणि २७.५ दोन्ही ट्रेल हार्डटेल आहेत, दोन्ही १३० मिमी फोर्कच्या. मालक समजूतदार निघाले. मी पिशवीतून दोरी काढली आणि म्हटलं, "दुकानामागच्या मोकळ्या जागेत मला माझ्या गावची पाखाडी आखायची आहे." ते हसले नाहीत, चुन्याची पिशवी आणून दिली.

दुसऱ्या वळणाचं माप मी घरून घेऊन गेले होते. तेच आतलं-बाहेरचं अंतर, तोच कोन, चुन्याने आखलं. चुन्याच्या रेषेला टायर लागला तर गडग्याला लागला असं धरायचं. दोन्ही सायकलींवर दहा-दहा वेळा.

२९ एस: दहातून सात वेळा रेषेला न लागता सुटले. २७.५ एस: नऊ वेळा.

म्हणजे मामेभावाच्या सायकलीवर जो त्रास झाला, त्यातला मोठा वाटा मापाचा होता. योग्य मापाची २९ माझ्या वळणाला जाते. हे मान्य करायलाच हवं, आणि ज्यांच्या वाटेत पाखाडी नाही त्यांनी माझ्या उंचीच्या असल्या तरी २९ घ्यायला हरकत नाही.

मग दुकानाच्या पायऱ्या. सीट पूर्ण खाली करून, हात सरळ होईपर्यंत मागे सरकून थांबले आणि मालकांच्या मुलीला पाहायला सांगितलं. २९ वर टायर टेकत होता. २७.५ वर तिची तीन बोटं आडवी मावली.

वजनातही जरा फरक, २७.५ चारशे ग्रॅमने हलकी. पण त्यावर मी ठरवलेलं नाही.

२७.५ ठरली. सात सेकंद मी सड्यावर सोडते आहे, आणि ती तीन बोटं घेते आहे.

मालकांनी एक प्रश्न विचारला तो रास्त होता: पुढे २७.५ चे टायर मिळतील का? २६ चं जे झालं ते मी पाहिलंय, शेवटी-शेवटी मला चांगला रुंद टायर मिळेना, अरुंदच मिळायचे. पण छोट्या मापाच्या सायकलींना २७.५ लागत राहणार, आणि मागे-पुढे वेगळ्या चाकांच्या सायकलींनाही मागे तेच लागतं. दोन टायर जास्तीचे घेऊन ठेवीन.

१४ डिसेंबर

सायकल खोक्यातून रत्नागिरीला आली, तिथून टेंपोने घरी. किंमत, २.४ चे टायर आणि १२५ मिमीचा ड्रॉपर धरून बिल ७८ हजार ४०० झालं. स्पोकचे निपल पितळी आहेत हे मागवतानाच विचारून घेतलं होतं. समुद्राकाठी ॲल्युमिनियमचे निपल पांढरे पडून स्पोकला घट्ट धरतात, मग चाक सरळ करायला गेलं की तुटतात.

काका जाकादेवीहून स्वतः आले. ड्रॉपरची दांडी नळीत घालताना त्यांनी आधी ग्रीस बोटाने आतून फिरवलं आणि खूण मला दाखवून, त्याच्या खाली दोन बोटं दांडी जाईपर्यंत बसवली. "आता ही वर ओढायची नाय, बाई." ओढणार नाही.

१५ डिसेंबर

ट्यूबलेस. रिमला टेप, व्हॉल्व्ह, प्रत्येक टायरात ९० मिली सीलंट, म्हणजे भोक पडलं तर आतून बुजवणारा द्रव. सीलंट फणसाच्या चिकासारखं, हाताला लागलं की तसंच ताणलं जातं, आणि खोबरेल तेलाने तसंच निघतं. पुढचा टायर पायपंपाने बसला. मागचा बसेना, कडेने हवा फुसफुसत राहिली. शेवटी कडेला साबणाचं पाणी लावून पेट्रोलपंपावर नेला. दोन वेळा टण् असा आवाज आला आणि टायरची कड रिमवर बसली. रात्रभर एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर ठेवला.

२२ डिसेंबर

पुढे १९, मागे २२ पीएसआय. सडा, तोच फेरा, तीन वेळा. सरासरी ८ मिनिटं ४४. उसन्या २९ पेक्षा सात सेकंद कमी. यात रुंद टायर, जास्त लांब फोर्क, नव्या सायकलीचा उत्साह सगळं आलं, चाकाच्या नावावर मांडत नाही.

परत येताना करवंदीच्या जाळीला पुढचा टायर घासला. काटा मोडून आत राहिला. उतरून पाहिलं तर काट्याच्या मुळाशी पांढरा थेंब आला, फुगला आणि जागच्या जागी थिजला. काटा उपटला नाही, तसाच घरी आणला. संध्याकाळी हवा १८.

२९ डिसेंबर

पाखाडी. आधी फक्त पायी चालून गेले आणि सुटे गोटे बाजूला केले. मग सीट खाली, सावकाश. पहिलं वळण सहज. दुसऱ्याला बाहेरच्या गडग्याच्या इतकी जवळ गेले की गडग्यावरच्या नेच्याची पानं बोटांना लागली, नजर खालच्या सातव्या पायरीवर ठेवली, पुढचं चाक उतरलं, मग मागचं. पाय टेकला नाही. खाली विहिरीशी पाणी भरणाऱ्या काकू म्हणाल्या, "गो, आज चालत नाय आलीस?"

पुन्हा वर नेली. सहापैकी सहा.

५ जानेवारी २०२५

मामेभाऊ आला. दोघांनी सायकली बदलून सगळं पुन्हा केलं, कारण एकच माणूस दोन्ही चाकांवर हवा होता. सड्यावर तो त्याच्या २९ वर ८ मिनिटं २०, माझ्या २७.५ वर ८ मिनिटं ३१. हवा दोन्हींत सारखी ठेवली होती. त्याला माझी सायकल लहान पडते, गुडघे हँडलला लागतात, तरीही अकरा सेकंद आहेत आणि त्यातले काही चाकाचेच. तो म्हणाला, "ताई, मी नाही बदलणार." त्याने बदलू नयेच. १७७ सेंमी उंची आणि रत्नागिरी ते गणपतीपुळे रोजचा रस्ता, त्याला तीच योग्य.

पाखाडीवर दुसऱ्या वळणाला त्याचा पाय त्याच्या सायकलीवर दोनदा टेकला, माझ्या सायकलीवर तिसऱ्या खेपेला सुटला. मी दोन्ही खेपा सुटले.

पुढची कामं: साखळीला दर दोन दिवसांनी तेल, सकाळी तांबूस दिसायला लागली आहे. सीलंट मार्चच्या सुरुवातीला उघडून बघायचं, उन्हाने आटतं. माळ्यावरच्या जुन्या सांगाड्याची भेग नववीच्या मुलांना दाखवायची आहे, धातू कसा थकतो ते समजावायला शाळेत नेईन.